33 लाख कोटी गणिते आणि 35 अंशांची अट

2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख भरली. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 या लॅपटॉप चिपवर एका चौरस मिलिमीटरमध्ये सरासरी 12 कोटी ट्रान्झिस्टर असतात. माणशी एक ट्रान्झिस्टर वाटला तर सगळा महाराष्ट्र एका चौरस मिलिमीटरमध्ये आटोपतो आणि वर काही लाख उरतात. त्याच जनगणनेत नागपूर शहर 24 लाखांचे होते. अशी 50 नागपुरे त्या ठिपक्यात बसतील. पूर्ण चिप अशा 379 चौरस मिलिमीटरची आहे.

एकूण ट्रान्झिस्टर 4,590 कोटी. सेकंदाला एक या वेगाने, झोप न घेता, कोणी ते मोजायला बसले तर साडेचौदाशे वर्षे लागतील. मोजणी आज संपवायची तर ती सहाव्या शतकात सुरू व्हायला हवी होती. रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून राज्य करणाऱ्या वाकाटकांची सत्ता मावळून तेव्हा काही दशके झाली होती. एवढा पसारा अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्याच मोठ्या चौकोनात, आणि तो चौकोन पाठीवरच्या बॅगेत.

ही चिप आणि इंटेलचा कोअर आय 9-14900 एचएक्स प्रोसेसर ही 2024 ची सर्वांत दमदार जोडी. आसुसचा रॉग स्ट्रिक्स स्कार 18, एमएसआयचा टायटन 18, लेनोवोचा लीजन प्रो 7 आय, डेलचा एलियनवेअर एम 18 या सगळ्यांत ती मिळाली. अशा यंत्राची किंमत तेव्हा चार लाखांच्या घरात जात होती, काहींची त्याही पुढे. नागपुरात ते घेणारे फक्त गेम खेळणारे नाहीत. व्हिडिओ एडिटिंग करणारे, त्रिमितीय आराखडे काढणारे आर्किटेक्ट, मशीन लर्निंगचे प्रयोग करणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही त्यात आहेत. कित्येक घरांत आईवडिलांनी ठेव मोडून किंवा हप्ते बांधून हे यंत्र आणलेले असते. म्हणून त्याची ताकद किती, हे विचारतानाच ते टिकेल किती, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारायला हवे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांतच आहेत.

ताकद: सेकंदाचे काम

या ग्राफिक्स चिपमध्ये 9,728 गणन-केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्र घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करते. ठोके सेकंदाला साधारण 170 कोटी. तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला की सेकंदाला 33 लाख कोटी गणिते होतात. देशातल्या 140 कोटी लोकांनी, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, दर सेकंदाला एक गणित सोडवायचे ठरवले, तर या चिपचे एका सेकंदाचे काम उरकायला साडेसहा तास लागतील.

प्रोसेसरचा वेग वेगळ्या तऱ्हेने चकित करतो. त्याचे घड्याळ सर्वांत जास्त वेगात सेकंदाला 580 कोटी ठोके देते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरी या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात तो जेमतेम पाच सेंटिमीटर पुढे जातो. प्रकाश कीबोर्डचे एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत प्रोसेसरचे सहा-सात ठोके पडून गेलेले असतात.

पडद्याचा हिशेबही लावून पाहू. 2,560 गुणिले 1,600 म्हणजे जवळपास 41 लाख बिंदू. ते सेकंदाला 240 वेळा नव्याने रंगवायचे, म्हणजे सेकंदाला 98 कोटी बिंदू. प्रत्येक चित्राला मुदत 4 मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, पाण्यात काय उमटते, हे सगळे ठरवून चित्र तयार हवे. त्यासाठी ग्राफिक्स चिप आपल्या 16 जीबी स्मृतीतून सेकंदाला 576 जीबी माहितीची ने-आण करू शकते.

या आकड्यांशी नागपूरचे जुने नाते आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर इंजिनिअर झाले ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून. हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिल्यावर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही महासंगणक घडवणारी संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. 1998 चा परम 10000 हा 160 प्रोसेसरच्या मांडणीत सेकंदाला 10 हजार कोटी गणिते करू शकत होता. 2002 अखेरीस आलेल्या परम पद्मने एक लाख कोटींचा टप्पा ओलांडला आणि 2003 मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत 171 वे स्थान मिळवले.

तुलना प्रामाणिक हवी. महासंगणकाची गणिते 64 बिटांच्या अचूकतेची असतात, तर गेमिंग चिपचे 33 लाख कोटी हे 32 बिटांचे. 64 बिटांच्या कामात या चिपचा वेग 64 पटींनी उतरतो आणि साधारण 52 हजार कोटींवर येतो. तरीही ही परम 10000 च्या पाचपट आणि परम पद्मच्या निम्मी ताकद झाली. देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असलेल्या, खोलीभर जागा आणि स्वतंत्र वातानुकूलन मागणाऱ्या यंत्राच्या निम्मी ताकद आज नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असू शकते. या यंत्राच्या सामर्थ्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. पुढे जे लिहितो आहे ते या आदरापोटीच.

खर्च: वीज जाते कुठे?

लॅपटॉप जी वीज खातो तिची अखेर उष्णताच होते. पडद्याचा उजेड आणि स्पीकरचा आवाज सोडला तर दुसरे काहीच उरत नाही. ग्राफिक्स चिप 175 वॉटपर्यंत जाते. प्रोसेसर थोड्या वेळासाठी 157 वॉटपर्यंत उसळतो. दोघे एकत्र राबतात तेव्हा 200 ते 250 वॉट सतत बाहेर टाकावे लागतात.

वॉटचा आकडा तसा मोठा नाही. छातीत धडकी भरते ती जागेचा आकडा पाहिल्यावर. प्रोसेसरची सिलिकॉनची चकती 257 चौरस मिलिमीटरची. तिच्यावर 157 वॉट म्हणजे चौरस सेंटिमीटरला 61 वॉट. घरातली हजार वॉटची इस्त्री आपली उष्णता सुमारे 200 चौरस सेंटिमीटरच्या तळव्यावर पसरते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 5 वॉट. प्रोसेसरच्या पृष्ठभागातून इस्त्रीच्या बारापट दाटीने उष्णता उसळत असते. भर दुपारी डोक्यावरचा सूर्य चौरस मीटरला साधारण हजार वॉट देतो. प्रोसेसरचा दर त्याच्या सहाशेपट आहे. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून, पातळ पापुद्र्यांतून, पंख्यांच्या झोताने, अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या खोक्यातून बाहेर काढायची असते. असा लॅपटॉप वर्षानुवर्षे चालतो ही अभियांत्रिकीची मोठीच कमाई आहे.

पण या कमाईला एक अट असते, आणि ती जाहिरातीच्या फलकावर नसते. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, ‘वापराचे तापमान’ या ओळीत ती सापडते. बहुतेक लॅपटॉपसाठी तिथे वरची मर्यादा 35 अंश सेल्सिअस दिलेली असते.

नागपूरचा मे

मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. दरवर्षी एवढे होत नाही, पण मे महिन्यात 43-44 अंश ही इथली रोजची गोष्ट. मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचे स्पष्ट केले. उष्णता मोजायला ठेवलेले यंत्रच उन्हाळ्यात चुकीचे आकडे देते, तेव्हा लॅपटॉपसारख्या नाजूक यंत्राचे काय होत असेल याचा विचार करायलाच हवा.

बाहेर 44 अंश असताना गच्चीखालच्या, कूलर नसलेल्या खोलीत 42 अंश सहज होतात. आता साधा हिशेब करू. कोणतीही तापलेली वस्तू हवेला किती उष्णता देईल, हे तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. ग्राफिक्स चिप साधारण 87 अंशांवर स्वतःला आवरते. खोली 25 अंशांची असेल तर फरक 62 अंशांचा. खोली 42 ची झाली की फरक 45 उरतो. 45 भागिले 62 म्हणजे 73 टक्के. पंखे तेच, नळ्या त्याच, पैसे तेवढेच मोजलेले. पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता 27 टक्क्यांनी घटली. वातानुकूलित दालनात 175 वॉट पेलणारे यंत्र नागपूरच्या त्या खोलीत 127 वॉटवरच दमते.

परीक्षणांत दिसणारे आकडे बहुतेक वेळा 20 ते 25 अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. त्यांत खोटे काही नसते. फक्त ते नागपूर, चंद्रपूर, अकोला किंवा जळगावच्या उन्हाळ्याचे नसतात.

इथे आपला कूलर उपयोगी पडतो, आणि तोही भौतिकशास्त्राच्या नियमाने. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता अशा कोरड्या हवेत चांगला कूलर खोलीत 28-30 अंशांचा झोत आणतो. म्हणजे मेमध्ये कूलर लॅपटॉपला पुन्हा 35 अंशांच्या मर्यादेत आणू शकतो. जुलैत हवा ओली झाली की कूलरचा इलाज संपतो, पण तेव्हा पाराही उतरलेला असतो. पथ्य एकच पाळायचे. झोत थेट लॅपटॉपवर घ्यायचा नाही. झोताबरोबर येणारे पाण्याचे तुषार आणि त्यांतले क्षार बोर्डावर बसले की गंज धरतो. कूलर खोलीसाठी लावायचा, यंत्राने खोलीची हवा घ्यायची.

किती हवा, किती धूळ

240 वॉट उष्णता बाहेर काढताना हवा 20 अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला सुमारे 11 लिटर हवा लॅपटॉपमधून जावी लागते. तासाला 39 घनमीटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली 28 घनमीटरची असते. म्हणजे पाऊण तासात खोलीभर हवा त्या बारीक जाळ्यांतून फिरून येते. चार तास खेळ चालला तर खोलीतली हवा पाच वेळा यंत्रातून गेली. तिच्यातली धूळही गेली, आणि तिच्यातली थोडी आतच राहिली.

पंखे मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेतात. रोज चार तास धरले तर वर्षाला 48 कोटी फेरे. हे सगळे काडेपेटीच्या काडीहून बारीक दांड्यावर.

नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुरुस्तीच्या टेबलावर असा लॅपटॉप उलटा करून उघडताना मी पाहिला आहे. तळाचे दहा-बारा स्क्रू निघाले, पत्रा हलकेच उचकटला, आणि पंखे वरून स्वच्छ दिसले. कारागिराने पंखा सोडवून बाजूला घेतला तेव्हा खरी गोष्ट उघडी पडली. पंखा आणि तांब्याचे पापुद्रे यांच्या मधल्या अरुंद फटीत धुळीची एक सलग, करडी पट्टी बसली होती. चिमट्याने ती उचलली तर न तुटता आख्खी निघून आली. केस, कापसाचे तंतू आणि माती यांची ती दाबून बसलेली घट्ट पट्टी. तिच्या मागचे पापुद्रे चकाकत होते, कारण कित्येक दिवसांत त्यांच्यापर्यंत हवा पोचलीच नव्हती. “पहिले पंखा पाहा लागते भाऊ, बाकीचं मंग,” कारागीर म्हणाला. 4,590 कोटी ट्रान्झिस्टरांच्या यंत्रात पहिला संशय पंख्यावर घेणे हे अनुभवाचे शहाणपण आहे, आणि आकडेही त्याच्याच बाजूने आहेत.

आधी काय जाते?

ट्रान्झिस्टर सहसा जात नाहीत. साठवणुकीची एसएसडी झिजेल ही भीतीही बहुधा निराधार ठरते. दोन टीबीच्या चांगल्या एसएसडीला 1,200 टीबी लिहिण्याची हमी असते. रोज 50 जीबी लिहिले तरी ती संपायला 65 वर्षे लागतात.

धोका जोडांमध्ये असतो. या प्रोसेसरच्या तळाशी बोर्डाला जोडणारे सोल्डरचे 1,964 गोळे आहेत. समजा प्रत्येक गोळा काही वर्षे टिकण्याची शक्यता 99.9 टक्के आहे. ऐकायला उत्तम. पण सगळेच्या सगळे टिकण्याची शक्यता काढायला 0.999 ला स्वतःशी 1,964 वेळा गुणावे लागते, आणि उत्तर येते 14 टक्के. प्रत्येकी 99.99 टक्के धरले तर 82. प्रत्येकी 99.999 टक्के धरले तेव्हा कुठे 98. प्रत्यक्षात वीज पुरवणारे बरेच गोळे एकमेकांना पर्याय असतात, त्यामुळे एक गेल्याने यंत्र लगेच बंद पडत नाही. तरी मुद्दा कायम राहतो. जिथे हजारो जोड आहेत तिथे लाखात एकाहून जास्त दोष परवडत नाही.

जोड का तुटतात, तर तापणे आणि निवणे यामुळे. सिलिकॉन एका अंशाला दहा लाखांत 2.6 भाग इतके प्रसरण पावते, खालचा थर 15 भागांच्या आसपास. 20 मिलिमीटरची चकती 30 अंशांवरून 100 वर गेली की दोघांच्या लांबीत 17 मायक्रॉनची तफावत पडते. खेळ सुरू झाला की ताण, बंद केला की सैल. दररोज, वर्षानुवर्षे.

हे नुसते कागदावरचे भय नाही. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप सदोष पॅकेजिंगमुळे बंद पडत असल्याचे मान्य केले आणि त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद केली. जगातल्या आघाडीच्या चिप कंपनीला कोट्यवधींचा फटका बसला तो तापण्या-निवण्यात कच्च्या ठरलेल्या जोडणीमुळे. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याने ते अस्थिर होत असल्याचे उघड झाले. इंटेलने मायक्रोकोड सुधारला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपच्या प्रोसेसरना हा दोष लागू नाही, असेही इंटेलने सांगितले. तरीही बायोस अद्ययावत ठेवायला काही खर्च येत नाही, तेव्हा ते करावेच.

चिप तापमान ठरलेल्या रेषेवर रोखून धरते, पण तिच्या शेजाऱ्यांना ती सोय नाही. वीज नियंत्रित करणारे कपॅसिटर, एसएसडी, बॅटरी हे खोलीबरोबर तापत जातात. अशा भागांसाठी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे. खोली 27 वरून 42 वर गेली, म्हणजे 15 अंश वाढले, तर आयुर्मान जवळपास एक तृतीयांशावर येते. उन्हाळा वर्षातून तीन महिन्यांचा असतो म्हणून निभावते.

बॅटरीचा हिशेब सर्वांत कडक. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून 25 अंशांवर वर्षभर ठेवली तर तिची सुमारे 80 टक्के क्षमता उरते, 40 अंशांवर सुमारे 65. तीच 40 टक्के भरून 40 अंशांवर ठेवली तर 85. म्हणजे सदैव चार्जरला लावून शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी नागपूरच्या उन्हाळ्यात सर्वांत लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. बॅटरीवर खेळण्याची आस तशीही धरू नये. विमानप्रवासाच्या नियमांमुळे बॅटरी 100 वॉट-तासांच्या आत ठेवतात. 200 वॉट खेचले तर ती अर्ध्या तासात रिकामी होईल.

दहा टक्क्यांची किमया

आता ज्या हिशेबासाठी हा सगळा खटाटोप केला तो मांडतो. चिपची वीज घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या टप्प्यात वेग वाढवायचा तर व्होल्टेजही जवळपास त्याच प्रमाणात वाढवावे लागते. म्हणजे वीज साधारण वेगाच्या घनाने चढते. उलट बाजूने पाहा. वेग आणि व्होल्टेज दोन्ही 10 टक्क्यांनी उतरवले, तर 0.9 गुणिले 0.9 गुणिले 0.9. उत्तर 0.73.

वर 42 अंशांच्या खोलीने यंत्राच्या क्षमतेतून जे 27 टक्के कापून घेतले होते, तेच हे 27 टक्के. वेगातला दहावा हिस्सा सोडला की उष्णतेचा चौथ्याहून मोठा हिस्सा उतरतो, आणि दालनातले यंत्र नागपूरच्या मेमध्ये बसते. 240 चित्रांच्या जागी 216 दिसतील. तो फरक डोळ्यांना जाणवणेही कठीण. 33 लाख कोटींच्या जागी 30 लाख कोटी गणिते होतील. परम पद्मशी तुलना तेव्हाही ताठ मानेने करता येईल. पंखे हळू फिरतील, धूळ कमी ओढली जाईल, 1,964 गोळ्यांवरचा ताण उतरेल.

यासाठी खास कौशल्य लागत नाही. या लॅपटॉपमध्ये ‘टर्बो’खालचा एखादा मोड असतो, चित्रांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सोय असते. मार्चच्या मध्यावर कूलर काढतो त्याच दिवशी मोड बदलायचा आणि पंखे उघडून साफ करून घ्यायचे. हमी चालू असेल तर हे काम अधिकृत केंद्रातच करावे. काही यंत्रांत चिपवर साध्या पेस्टऐवजी गॅलियमयुक्त द्रवधातू असतो. तो उष्णता पेस्टपेक्षा कितीतरी चांगली वाहतो, पण विजेचाही सुवाहक आहे आणि ॲल्युमिनियम कुरतडतो. एक थेंब भलतीकडे गेला तर पूर्ण बोर्ड निकामी होऊ शकतो. तिथे हौशी हात लावू नये.

तासाला किती रुपये?

साडेचार लाखांचे यंत्र रोज चार तास वापरले आणि ते दीड वर्षात गेले, तर तासाला 205 रुपये पडले. तीन वर्षे चालले तर 103. सहा वर्षे चालले तर 51. विश्वासार्हता हीच या खरेदीतली सर्वांत मोठी सवलत आहे. एरवीची कुठलीही सवलत निम्म्याने किंमत उतरवत नाही.

म्हणून माझा कौल असा. काम खरोखर एवढ्या ताकदीचे असेल आणि ते घेऊन फिरणे भाग असेल, तर हे यंत्र घ्यावे. 2024 मध्ये त्याच्या तोडीचे फिरते साधन दुसरे नव्हते. एकाच टेबलावर ठेवायचे असेल तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप घ्यावा. त्याचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि तिची स्मृती एकाच बोर्डावर सोल्डर केलेली असते, त्यामुळे एक गेले की सगळा बोर्ड बदलावा लागतो. तेव्हा पडद्याच्या एका पायरीवर पैसे वाचवा, पण तीन वर्षांची हमी घ्याच, आणि तिचे सेवाकेंद्र नागपुरात आहे की बोर्ड मुंबई-पुण्याला पाठवतात हे पैसे देण्याआधी विचारा. घरातल्या 600 व्हीए यूपीएसची झेप बहुधा 360 वॉटचीच असते. 400 वॉटच्या चार्जरला तो पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. अर्थिंग तपासून घ्या.

कंपन्यांकडे मागणी एकच. ज्या देशात कोट्यवधी लोक उन्हाळ्यात चाळिशीपलीकडे राहतात, तिथे चार लाखांचे यंत्र विकताना 25 अंशांचे आकडे पुरे नाहीत. 40 अंशांच्या खोलीत चार तास सलग चालवून यंत्र किती वॉट पेलते, पंखा किती तासांचा, बॅटरीची किती क्षमता उरते, हे खोक्यावर छापा. हे आकडे काढणे अवघड नाही. एक तापवलेली खोली आणि एक दुपार पुरते. ग्राहकांनीही दुकानात पहिला प्रश्न चित्रांच्या संख्येचा न विचारता तापमानाचा विचारावा. हजारो नागपूरकर तो विचारू लागले की कंपन्यांना उत्तर छापावेच लागेल.